बेस गिटारचा ब्रिज बदलायचा आहे, कोणता घ्यावा?

खर्जवाला | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचा पाच जणांचा छोटा वाद्यवृंद आहे. शनिवार-रविवार लग्नं, साठीशांती, आणि गणपतीत सोसायट्यांचे कार्यक्रम. मी बेस वाजवतो. गिटार नऊ वर्षांपूर्वी घेतलेली, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन म्हणजे पी-बेसच्या धर्तीची, चार तारा, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी). कंपनीचं नाव विचारू नका, डोक्यावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत आणि ते बरंच झालं.

ब्रिज (तारांचं मागचं टोक जिथे अडकतं तो भाग) तो नेहमीचाच. काटकोनात वाकवलेला पत्रा, प्रत्येक तारेला टेकू म्हणून एकेक अशी चार सॅडल, मागे पाच स्क्रू. त्याने सध्या छळ मांडलाय. ई तारेच्या सॅडलचा उंचीचा स्क्रू गंजून बसलाय, हलत नाही. पिकने जोरात वाजवलं की ए तारेचं सॅडल हळूहळू ई कडे सरकतं. दोन गाणी झाली की ए आणि डी मधली फट प्रेक्षकांनाही दिसावी इतकी मोठी. आणि जी तारेवर सहाव्या फ्रेटचा (मानेवरच्या सहाव्या धातूपट्टीचा) सूर वाजवल्या वाजवल्या मरतो. शेजारचे सूर छान गुंजतात, हा मात्र 'टक्' करून गप्प.

यूट्यूबवर जो तो सांगतो, जड ब्रिज लावा, सस्टेन (सूर टिकणं) वाढेल. गोटो, हिपशॉट, बॅडॅस, बॅबिच ही नावं वाचून गरगरायला लागलंय. बजेट सहा-सात हजार, ताणून आठ. कुणी स्वतः बदललाय का? गणपतीच्या आत काम उरकायचं आहे.

तिरपागडा | १४ जून, रात्री ९:५२

पूल बदलायचा म्हणजे आधी निविदा, मग भूमिपूजन, मग पाच वर्षं पर्यायी मार्गाने वाहतूक. गणपतीच्या आत म्हणताय, पण कुठल्या सालच्या?

खर्जवाला | १४ जून, रात्री ९:५५

:) विषयावर या हो.

लोखंडे_मेक | १४ जून, रात्री १०:३०

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि बेसही (वाईट) वाजवतो, तेव्हा दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

तार छेडली की तिच्यातली ऊर्जा कुठेतरी जाणारच. थोडी हवेत, थोडी तारेच्या आतल्या घर्षणात, बाकीची दोन टोकांतून लाकडात. टोक जितकं जड आणि घट्ट, तितकी लाट परत फिरते. चेंडू भिंतीवर मारा आणि दाराच्या पडद्यावर मारा, मग कळेल. पत्र्याचा ब्रिज अगदीच पडदा नाही, पण भिंतही नाही. त्यामुळे भरीव ब्रिज लावला की सस्टेन वाढायला हवा.

माझं मत गोटो २०१ ला. फेंडरच्या त्याच पाच भोकांवर बसतो, सॅडल पितळेची, लाकडाला नवं भोक पाडायला नको. तुझ्या बजेटमध्ये ओढूनताणून बसेल.

स्वरमयी | १४ जून, रात्री ११:१५

लोखंडे, वहीत सस्टेन वाढतो हे खरं. कानाला कळतो का?

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या जॅझ बेसचा ब्रिज बदलला. पत्र्याचा काढून चांगला जाडजूड लावला. आदल्या दिवशी नव्या तारा चढवल्या, आठ बार रेकॉर्ड केले. दुसऱ्या दिवशी ब्रिज बदलून त्याच तारा, तीच केबल, तेच आठ बार. मग नवऱ्याला आणि आमच्या ड्रमरला कुठली फाइल कुठली ते न सांगता दोन्ही ऐकवल्या. नवरा म्हणाला, दोन्ही सारख्याच आहेत, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? ड्रमर म्हणाला, दुसरीत आवाज जास्त भरीव आहे. दुसरी जुन्या ब्रिजची होती.

एक फायदा झाला, खोटं का बोला. माझ्या बेसची मान सोडली की खाली झुकायची, ती आता कमी झुकते. मागे वजन वाढलं ना. पण तेवढ्यासाठी रुंद पट्टा घेतला असता तर उरलेल्या पैशांत दोन सेट तारा आल्या असत्या.

शंकेखोर | १४ जून, रात्री ११:२१

ड्रमरला विचारलं, तिथेच चाचणी बाद.

तालमणी | १४ जून, रात्री ११:४०

मी ड्रमर आहे आणि हा धागा वाचतो आहे. नोंद घेतली जावी.

चारतारी | १५ जून, सकाळी ७:०५

खर्जवाला, तीन दुखणी एकाच गाठोड्यात बांधून ब्रिजच्या डोक्यावर देऊ नकोस. सोडव ती.

गंजलेला स्क्रू आणि सरकणारं सॅडल ही ब्रिजची दुखणी, कबूल. त्या सपाट पत्र्यावर सॅडल उभं असतं दोन बारीक स्क्रूंच्या टोकांवर, बाजूने अडवायला काही नाही. तू पिकने बडवतोस, ते बिचारं सरकतं. यावर खोबणीवाली प्लेट हा खरा इलाज आहे आणि तिथे मी लोखंडेंच्या बाजूने आहे. नवा ब्रिज घ्यायचा तर खोबण्यांसाठी घे, वजनासाठी नको.

जी तारेचा सहावा फ्रेट मात्र वेगळी केस. या घराण्याच्या बेसमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा एखादा मेलेला सूर बहुतेक सापडतोच, लाखाच्या गिटारमध्येसुद्धा. नेक म्हणजे शेवटी एका टोकाला बांधलेली लाकडी पट्टी. तिला स्वतःची डुलायची एक गती असते. तुझा सूर आहे साधारण १३९ हर्ट्झचा. नेकची गती नेमकी तिथे जुळली की तारेची ताकद नेकच पिऊन टाकते. इकडच्या टोकाला सोन्याचा ब्रिज लावलास तरी गळती तिकडच्या टोकाला आहे.

खात्री करून घे. गिटारचं डोकं, खुंट्या असतात ते टोक, कपाटाला किंवा चौकटीला घट्ट टेकव आणि तोच सूर वाजव. जास्त टिकला, किंवा मेलेली जागा एखादा फ्रेट इकडेतिकडे सरकली, तर चोर सापडला म्हणून समज.

खर्जवाला | १५ जून, संध्याकाळी ७:३०

काका, केलं. घरात लाकडी कपाट नाही, गोदरेजच्या कपाटाला टेकवून वाजवला. सूर टिकला! चांगला दोन-तीन पट टिकला. आतले हँगरही त्याच सुरात वाजायला लागले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, भूकंप आहे का रे?

म्हणजे तिसरी तक्रार ब्रिजच्या नावावरून वजा. नऊ वर्षं उगाच त्याला शिव्या घातल्या.

लोखंडे_मेक | १५ जून, संध्याकाळी ८:१०

मान्य. मी भिंत चुकीच्या टोकाला बांधत होतो.

गिटारच्या डोक्याला छोटा सी-क्लॅम्प लावला की वजन वाढून नेकची गती खाली येते आणि मेलेली जागा सरकते. असं करून वाजवणारे आहेत.

चारतारी | १५ जून, संध्याकाळी ८:२५

आहेत. पण लग्नात स्टेजवर सुताराचा क्लॅम्प लावून उभं राहायचं आणि मुलीच्या मामाने विचारलं की काय सांगायचं?

मिरजकर | १५ जून, रात्री ९:००

आमच्याकडं याला घोडी म्हणतात. धागा बघून ऱ्हावलं नाही म्हणून लिहितोय.

माझं बालपण सतारमेकरांच्या गल्लीत गेलं. तंबोऱ्याची घोडी वरनं सपाट दिसती, पण सपाट नसती. तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावरनं घासत घासत सुटती, तेव्हा तो मधमाश्या गुणगुणल्यासारखा नाद येतो, ती जवारी. कारागीर कानस चार वेळा फिरवतो, तार लावून ऐकतो, परत उतरवतो, परत दोन वेळा कानस. अर्धा दिवस जातो एका घोडीत. मग वाजवणारा सुताचा दोरा तारेखाली घालून केसभर पुढं-मागं सरकवतो आणि जवारी खुलती. केसभर म्हणजे खरंच केसभर. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच न्हाई.

पण तिथं घोडी बसती पातळ तबलीवर, खाली पोकळ भोपळा. घोडीचा प्रत्येक हेलकावा तबलीतनं बाहेर ऐकू येतो. तुमचा बेस म्हणजे दीड इंच जाडीचा ठोकळा, आणि आवाज पकडतंय लोहचुंबक. घोडीवर इतका जीव असंल तर तंबोरा घ्या राव.

स्वरमयी | १५ जून, रात्री ९:३५

मिरजकर, काय सुंदर लिहिलंत. अवांतर होतंय, पण माझ्याकडे एक फ्रेटलेस बेसही आहे. फ्रेट नसल्यामुळे तार दाबली की पुढे लाकडी पट्टीवरून अशीच घासत सुटते आणि एक म्याँवसारखा, जवारीच्या जवळचा नाद येतो. तारा जरा उचलल्या की तो नाद जातो, जरा जास्त खाली आणल्या की नुसती खरखर. त्या केसभरासाठी मी सॅडलचे स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसते.

मिरजकर | १५ जून, रात्री ९:४१

मग तुमची आख्खी पट्टीच घोडी झाली की वो ताई.

मांडवीकाठ | १६ जून, सकाळी ११:००

पणजीहून. गंजाबद्दल मी बोलतो, कारण गंज हा आमचा घरचा विषय. खारी हवा, पावसाळा आणि हाताचा घाम. आमच्याकडे स्क्रू विकत घेतला त्या दिवसापासून तो गंजायची तयारी करतो.

खर्जवाला बाब, तो स्क्रू लगेच की घालून पिळू नका. आधी तार ढिली करा. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब टाचणीच्या टोकावरून स्क्रूच्या तोंडाशी सोडा. फवारू नका, पिकअपमध्ये (आवाज पकडणाऱ्या चुंबकात) आणि लाकडात जाईल. रात्रभर ठेवा. नाहीच हलला तर सॅडल सोडवून बाहेर काढा, सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूवर अर्धा मिनिट धरा, निवू द्या, मग की लावा. तापल्याने-निवल्याने गंजाची पकड सुटते. माझे दहापैकी आठ असे सुटले. उरलेले दोन समुद्राला अर्पण.

कार्यक्रम झाला की सुक्या फडक्याने तारा आणि सॅडल पुसायचे. आमचे तियात्रातले जुने वादक हे न चुकता करायचे. त्यांच्याकडे दुसरी गिटार नव्हती.

एडिसनकर | १६ जून, रात्री ८:४५

न्यू जर्सीहून. मांडवीकाठ यांच्या सल्ल्यात एक भर: कुठली ॲलन की लावताय ते आधी बघा. अमेरिकन बनावटीत मापं इंचात, आशियाई बनावटीत बहुधा मिलिमीटरमध्ये. एक सोळांश इंच म्हणजे १.५९ मिलिमीटर. तिथे १.५ ची की घातली तर ती बसल्यासारखी वाटते, फिरल्यासारखी वाटते, आणि स्क्रूचे कोपरे खाऊन बाहेर येते. मी माझा असाच एक स्क्रू गोल करून ठेवला आणि दोष आठ दिवस गंजाला दिला.

इथे पत्र्याच्या ब्रिजची फार टिंगल चाललीय म्हणून थोडं त्याच्या बाजूने. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा चार तारांना मिळून दोनच सॅडल होती, म्हणजे दोन तारांनी एका सॅडलवर संसार करायचा. एका तारेचा सूर जुळवला की जोडीदारीण रुसणार. १९५७ मध्ये प्रत्येकीला आपापलं सॅडल मिळालं. स्वतः लिओला गिटार वाजवता येत नव्हती, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. आणि मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ चा पी-बेस घेऊन बसायचा. ब्रिज कारखान्याचाच, उलट त्यावरच्या झाकणाखाली स्पंज, म्हणजे सस्टेन मुद्दाम मारलेला. ते ऐकून कुणी म्हणालं का की बुवा, याला जड ब्रिज पाहिजे होता?

लोखंडे_मेक | १६ जून, रात्री ९:१०

जेमरसन हे प्रत्येक वादातलं ब्रह्मास्त्र झालंय. तो एका बोटाने वाजवायचा, म्हणून बाकीची कापून टाकायची का? गेडी ली आणि मार्कस मिलर या बेसवादकांच्या नावाने निघालेल्या जॅझ बेसवर बॅडॅस होता, ते का नाही सांगत?

एडिसनकर | १६ जून, रात्री ९:१८

कारण त्यांचा कडकडीत आवाज बोटांतून येतो आणि श्रेय ब्रिजला मिळतं. पण बरं, मुद्दा पोचला. ज्याला तो झणझणीत, धातूचा आवाज हवा त्याने जड ब्रिज लावून बघावा, भांडण नाही. बॅडॅस घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की त्याची सॅडल खाचा न पाडलेली येत असत. मोजून स्वतः कानस मारायची. चुकलात की तार आयुष्यभर तिरकी.

शंकेखोर | १६ जून, रात्री ९:२५

घरी 'बॅडॅस घेतोय, आठ हजारांचा' असं सांगून दाखवावं कुणीतरी.

तिरपागडा | १६ जून, रात्री ९:४४

खर्जवाला पुण्याचे ना? मग प्रश्नच नाही. आमचा लकडी पूल नावाचाच लकडी, आहे दगडाचा. तरी सगळे लकडीच म्हणतात. जुन्याच ब्रिजवर 'हाय मास' (म्हणजे जड) लिहून ठेवा.

नवखा_बेस | १७ जून, दुपारी १:३०

मी सहा महिन्यांपूर्वी सुरुवात केली. प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. सॅडल पुढे-मागे का असतात? चारही एका रेषेत का नाहीत? मी काल सरळ रेषेत आणून ठेवली, नीटनेटकी दिसावीत म्हणून.

स्वरमयी | १७ जून, दुपारी २:१०

अरे देवा. हसत नाही, पण आज वाजवू नकोस.

तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. शिवाय जाड तार टोकांशी ताठ असते, तिची खरी थरथरणारी लांबी दिसते त्याहून कमी. म्हणून जाड तारेला थोडी जास्त लांबी द्यावी लागते. ई चं सॅडल सगळ्यात मागे, जी चं सगळ्यात पुढे, मधल्या दोघी पायरीपायरीने.

लावायचं असं. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजव, ट्यूनरवर बघ. मग तोच फ्रेट दाबून वाजव. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावून मग तपासायचं. तारा नव्या असू देत, मळलेल्या तारांवर ही मेहनत वाया जाते. आणि आधी नेकचा बाक आणि तारांची उंची, शेवटी हे. क्रम उलटा केलास तर सगळं दोनदा.

नवखा_बेस | १७ जून, दुपारी २:१५

धन्यवाद ताई. नीटनेटकेपणा सोडला.

खर्जवाला | १८ जून, रात्री १०:००

खूप शिकायला मिळतंय. ठरलं एवढं की खोबणीवाला ब्रिज हवा, वजन जे असेल ते असो. मागवण्यापूर्वी काय काय मोजू?

लोखंडे_मेक | १८ जून, रात्री १०:४०

हा माझा प्रांत. स्टीलची पट्टी घे, टेप नको.

शेजारच्या दोन तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सॅडलवरचं अंतर. फेंडर घराण्यात १९ मिलिमीटर, म्हणजे ई ते जी ५७. तुझं तेवढंच भरलं तर उत्तम. कमी-जास्त असेल तर बाहेरच्या तारा पट्टीच्या काठावरून घसरायला लागतील.

मग मागच्या पाच भोकांचा नमुना. ब्रिज काढ, भोकांवर कागद ठेवून पेन्सिलने घास, ठसा मिळेल. विक्रेत्याच्या आकृतीवर तो ठसा ठेवून बघ. 'स्टँडर्ड' या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, स्वस्तातल्या गिटारींत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक निघतो.

मग लांबी. नटपासून (डोक्याकडची खाचांची पट्टी) ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटरवर खूण कर. नवा ब्रिज जुन्या भोकांत बसवल्यावर त्याची सॅडल या खुणेच्या किंचित पुढपर्यंत आणि चांगली सात-आठ मिलिमीटर मागेपर्यंत पोचायला हवीत. नाहीतर ई तारेला मागे जायला जागाच उरत नाही.

चारतारी | १९ जून, सकाळी ६:५०

आणि उंची. हे सगळे विसरतात. जड ब्रिजचं बूड जाड असतं. सॅडल पार तळाला टेकवली तरी तारा वरच राहतात. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली दोन-अडीच मिलिमीटर हवेत, तुला चार मिळतील, आणि मग नेकच्या खोबणीत शिम (पातळ पट्टी) घालून नेक तिरकी करावी लागते. जुन्या सॅडलखाली आता किती जागा शिल्लक आहे ते मोज. दोन मिलिमीटरही नसेल तर जाड बुडाच्या ब्रिजच्या वाटेला जाऊ नकोस.

काटकसर_प्रालि | १९ जून, सकाळी ९:२०

आठ हजार? मी जुन्या पत्र्यावरच, सॅडलचे स्क्रू जिथे टेकतात तिथे, बारीक कानसने केसाएवढ्या खाचा पाडल्या. स्क्रूची टोकं त्या खाचांत बसली, सॅडल जागची हलत नाहीत. आट्यांवर बहिणीच्या नेलपॉलिशचा थेंब, म्हणजे वाजवताना स्क्रू सैल पडत नाहीत. खर्च शून्य. गुलाबी रंगाबद्दल विचारू नका.

चारतारी | १९ जून, सकाळी ९:३२

हा पहिल्या दिवशी कुठे होतास? खर्जवाला, हे आधी करून बघ. खरंच.

खर्जवाला | १९ जून, रात्री ११:१०

काका, सकाळी तेच करायला घेतलं. मांडवीकाठ यांच्या पद्धतीने तेल टाकून रात्रभर ठेवलं होतं, मग सोल्डरिंग आयर्न. स्क्रू फिरला. फिरला आणि मधोमध तुटला. अर्धा सॅडलमध्ये, अर्धा माझ्या हातात.

मांडवीकाठ | १९ जून, रात्री ११:२०

दहापैकी दोन. समुद्र कुठल्या दिशेला आहे तेवढं सांगा.

दादरची_मावशी | २० जून, सकाळी १०:१५

माझा मुलगा वाजवतो, मी फक्त पैसे देते, त्यामुळे खरेदीचा अनुभव दांडगा. ऑनलाइन एकाच फोटोखाली पाच किमती दिसतात. आम्ही सगळ्यात स्वस्त मागवला. वस्तू हातात आली तर स्क्रूचे आटे दुसऱ्याच दिवशी मोडले, आणि विकणारा म्हणे पाकीट उघडलं की परत घेत नाही. त्यानंतर मी सरळ दुकानात जाते. धोबी तलावला फुर्टाडोज आहे, १८६५ पासून आहे म्हणतात. तिथे जुना ब्रिज काउंटरवर ठेवून म्हणायचं, असाच बसणारा दाखवा. तयार नसेल तर मागवायला किती दिवस लागतील ते विचारायचं. परदेशातून थेट मागवणार असाल तर कस्टम आणि टपाल धरून बेरीज करा, मगच स्वस्त म्हणा.

शंकेखोर | २० जून, सकाळी १०:४०

मावशींना संयोजक करा.

खर्जवाला | २१ जुलै, रात्री ९:३०

महिन्याने येतोय. झालं एकदाचं.

अंतर १९ निघालं, भोकांचा ठसा जुळला, सॅडलखाली जागा तीन मिलिमीटर. पुण्यातल्याच एका दुकानातून मध्यम वजनाचा, खोबणीवाला, काळ्या रंगाचा ब्रिज घेतला. सात हजारांच्या आत.

बसवताना दोन गमती झाल्या. पाचपैकी दोन भोकं सैल पडली होती, स्क्रू नुसता गरगर फिरायचा. चारही तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो हे एडिसनकरांनी निरोपात सांगितलं होतं, त्यामुळे तसंच रेटायची हिंमत झाली नाही. टूथपिकला फेव्हिकॉल लावून भोकांत ठोकल्या, रात्रभर वाळवून कापल्या आणि मेण लावून स्क्रू परत पिळले. आता घट्ट आहेत.

दुसरी गंमत ॲम्पला जोडल्यावर. गूंऽऽऽ. पूर्वी तारांना हात लावला की गुणगुण थांबायची, आता थांबेना. दोन तास केबल बदलत बसलो. मग तालमणी (हो, तेच. आता आमच्याकडेच वाजवतात) म्हणाले, ब्रिजखालून एक वायर येत होती ना, तिचं काय केलंस?

वायर होती जागेवरच, ब्रिजखाली दाबलेली. पण नव्या ब्रिजचं बूड काळ्या रंगाने झाकलेलं. धातू धातूला लागतच नव्हता. खालून नखाएवढा रंग पॉलिश पेपरने खरवडला, मल्टिमीटर लावून बघितलं, टिर्र वाजलं. आवाज गप्प.

तालमणी | २१ जुलै, रात्री ९:४१

ड्रमरला विचारलं, तिथेच दुरुस्ती पूर्ण. शंकेखोर यांनी नोंद घ्यावी.

शंकेखोर | २१ जुलै, रात्री ९:४३

घेतली. सपशेल माघार.

स्वरमयी | २१ जुलै, रात्री ९:५०

अभिनंदन! आणि आवाज? खरं सांग हं, पैसे गेलेत म्हणून नाही.

खर्जवाला | २१ जुलै, रात्री १०:०५

खरं सांगतो ताई. पहिल्या दिवशी वाटलं, वा, काय फरक आहे! मग लक्षात आलं की नव्या तारा ब्रिजबरोबरच चढवल्या होत्या. आता महिनाभराने त्या जरा मळल्या की कळेल. पण सॅडल हलत नाही आणि ते मला पुरे आहे. परवा तीन तास पिकने बडवलं, अंतर जिथल्या तिथे. इंटोनेशन (दाबलेला सूर आणि हार्मोनिक यांचा मेळ) बाराव्या फ्रेटवर चारही तारांचं जुळलं, इतकी वर्षं ई तारेवर वरच्या जागा थोड्या चढ्या लागायच्या त्या आता सरळ. सिंथवाला म्हणाला, आज काहीतरी वेगळं वाटतंय, नवीन शर्ट का?

सहावा फ्रेट आहे तसाच मेलेला.

चारतारी | २१ जुलै, रात्री १०:२०

तो राहणार. तोच सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटला आहे. तिथे वाजव. जाड तारेवर जरा गोलही लागेल.

खर्जवाला | २१ जुलै, रात्री १०:५०

आत्ता वाजवून बघितलं. नऊ वर्षं हा सूर पाच फ्रेट पलीकडे, शेजारच्या तारेवर बसला होता आणि मी इकडे पुलाची निविदा काढत होतो.

मिरजकर | २२ जुलै, सकाळी ८:००

जुनी घोडी टाकू नका. उरलेली तीन सॅडल कामाची आहेत. आमच्या पुतण्याला पायजेत, पोस्टाचा खर्च देतो.

नवखा_बेस | २२ जुलै, दुपारी १२:१०

मीही माझा बेस आमच्या कपाटाला टेकवून बघितला. माझा सातवा फ्रेट मेलाय. आता?

चारतारी | २२ जुलै, दुपारी १२:३०

डी तारेवर बारावा.